खालच्या दाढेचा ऑनले

“काकू, अजून थोडं उघडा.”

“उघडलंय,” प्रेमा म्हणाली. तोंडात डॉक्टरांची बोटं असताना माणसाला जेवढं बोलता येतं, तेवढंच ते ऐकू आलं.

मी कोपऱ्यात बेसिनपाशी उभा होतो. मुलुंड पूर्वेच्या या दवाखान्याला मी अकरा वर्षं दात करून देतोय, पण खुर्चीच्या खोलीत आज पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. डॉक्टर अपूर्वांच्या चिमट्यात मी केलेला ऑनले होता. उजवीकडच्या खालच्या दाढेचा, अक्कलदाढेच्या अलीकडे जी असते तिचा. वस्तू केवढी, तर अर्ध्या चिंचोक्याएवढी. चिमटा तिच्या ओठांपर्यंत जायचा, पुढच्या दातांशी अडायचा आणि परत यायचा. असं चार-पाच वेळा झालं.

“अगं, मोठं उघड ना,” मी कोपऱ्यातून म्हणालो. “दोन मिनिटांचं काम. लहान मुलासारखी घाबरतेस काय?”

तिनं डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर काय करायचं ते मला माहीत आहे, एकतीस वर्षांच्या संसारात तेवढं तरी शिकलोय. ही नजर मी आधी पाहिलेली नव्हती.

मी डेंटल टेक्निशियन आहे. असं सांगितलं की लोक मला डॉक्टर समजतात आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाल ताणून दाढ दाखवायला लागतात. मग सांगावं लागतं की बाबा, मी जन्मात कुणाच्या तोंडात हात घातलेला नाही. घाटकोपरला, असल्फ्याच्या एका गाळ्यात पहिल्या मजल्यावर आमची लॅब आहे. डॉक्टर मशीननं दात घासून आकार देतात आणि माप घेतात, ते गुलाबी-निळ्या रबरातलं माप डब्यात घालून आमच्याकडे येतं, आम्ही त्यात प्लास्टर ओततो आणि त्या प्लास्टरच्या दातावर काम करतो. पेशंट म्हणजे आमच्यासाठी चिठ्ठीवरचं एक नाव आणि दाताचा नंबर.

ऑनले म्हणजे काय, हे मी बायकोपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना समजावलेलं आहे. दाढ किडली किंवा फुटली की बहुतेक ठिकाणी कॅप बसवतात. कॅप म्हणजे चांगला दातही चारी बाजूंनी सोलायचा आणि वर टोपी घालायची. दाढेच्या उंचवट्यांच्या मधला खड्डाच फक्त भरायचा असेल तर करतात तो इनले. उंचवटाच तुटला असेल तर तो ऑनले. दाढेचं जेवढं गेलं तेवढंच परत द्यायचं, उरलेल्याला धक्का लावायचा नाही. कामं खूप असतात, पण हे काम मला माणुसकीचं वाटतं. आता स्कॅनर आणि मशीन आली, तरुण पोरं स्क्रीनवर दात काढतात. मी अजून आधी हातानं मेण लावतो, मग त्यावरून सिरॅमिक. मालक हसतात, पण अवघड केस आली की माझ्याच टेबलावर ठेवतात.

आणि प्लास्टरचं तोंड फार गुणी असतं. बिजागरीवर बसवलं की हवं तेवढं उघडतं, लाळ गाळत नाही, हूं की चूं करत नाही. एकोणतीस वर्षं असल्या तोंडांशीच माझा संबंध आला. माझ्या अकलेचं जे काही झालं ते त्यामुळेच झालं असावं.

जानेवारीत प्रेमाच्या दाढेचा तुकडा उडाला. भातात खडा आला होता. तिनं तुकडा ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि जेवण पुरं केलं. मी तो तुकडा उजेडात धरून पाहिला आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. आतल्या बाजूचा एक उंचवटा गेला होता, बाकी दाढ शाबूत. ऑनलेची केस. माझ्या हातची वस्तू माझ्याच घरात राहणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

डॉक्टर अपूर्वांना फोन केला. दाढ घासायला प्रेमा एकटीच गेली, मला त्या दिवशी डिलिव्हरी होती. दुसऱ्या दिवशी माप लॅबमध्ये आलं आणि माझं डोकं फिरलं. माप घ्यायचा ट्रे मधोमध कापलेला, माप एकाच बाजूचं, तेही मागे जेमतेम दाढेपर्यंत पोचलेलं. मी तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला. श्रुतिकानं उचलला. ती डॉक्टरांच्या हाताखालची नवी डॉक्टर, सव्वीस-सत्तावीसची.

“श्रुतिका मॅडम, हे काय पाठवलंय? ट्रे कापून माप घेतात का कुणी?”

“काका, पेशंटचं तोंड उघडत नाही ना. फुल ट्रे जातच नव्हता. तीनदा ट्राय केलं मी.”

आता हे वाक्य आमच्या धंद्यात फार जुनं आहे. माप बिघडलं की डॉक्टर हेच सांगतात. पेशंटला उलटी येत होती, पेशंटची जीभ मोठी आहे, पेशंटचं तोंड उघडत नाही. बारा लॅबवाले एकत्र बसले की याच वाक्यांवर हसतात. मीही तेच केलं.

“मॅडम, पेशंट माझी बायको आहे. रोज माझ्यासमोर बसून जेवते ती. तुम्ही हात बसवा आधी, मग पेशंटला नावं ठेवा.”

“सॉरी काका,” ती म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा शेजारच्या टेबलावरून भीमराज माझ्याकडे पाहत होता. आम्ही दोघं एकाच वर्षी या धंद्यात लागलो. तो सिरॅमिकचा राजा.

“पोरगी खोटं कशाला बोलेल, चंदू?” तो म्हणाला. “घरी जाऊन बघ ना एकदा.”

“काय बघू?”

“वहिनींचं तोंड.”

मी हसण्यावारी नेलं. घरी जाऊन बायकोला ‘आ कर’ म्हणायचं आणि तपासायचं, हे मला चमत्कारिक वाटलं. माप वाईट असलं तरी दाढ त्यात आली होती. मी काम सुरू केलं. त्या एका मेणावर मी सहा तास घालवले. दाढेवरच्या रेघा कुणाच्या कशा असतात हे चेहऱ्यासारखं असतं, एकाच्या दुसऱ्याला चालत नाहीत. तुटलेला तुकडा माझ्याकडे होताच, त्यावरून तिच्या रेघा मी जशाच्या तशा घेतल्या. ऑनले प्लास्टरवर असा बसला की कडेवरून नख फिरवलं तर लागत नव्हतं. भीमराज म्हणाला, “झकास. असला बायकोलाच करतो होय तू.”

बसवायची तारीख ठरली आणि तिच्या आदल्या दिवशी श्रीवर्धनहून फोन आला. सासूबाई पडल्या होत्या, कंबरेचं हाड मोडलं होतं. प्रेमा दुपारच्या गाडीनं निघाली. दाढेवर तात्पुरतं सिमेंट होतं, पंधरा दिवसांनी येते म्हणाली. ती साडेचार महिन्यांनी परत आली, आईचं क्रियाकर्म आटोपून.

मी मधे दोनदा जाऊन आलो. श्रीवर्धनला तिच्या माहेरची सुपारीची वाडी आहे. तिथली रोठा सुपारी प्रसिद्ध, आणि त्या घरात सुपारी म्हणजे पाहुण्याला पाणी द्यावं तशी. आजारी माणसाला बघायला गाव लोटतं. आलेल्यापुढे तबक सरकवायचं, स्वतः अडकित्ता घेऊन कातरायची, एक खांड त्यांना, एक आपल्याला. प्रेमा लहानपणापासून खाते. मुंबईतही जेवणानंतर एक खांड असायचंच. तंबाखू नाही, चुना नाही, नुसती सुपारी. मला त्यात वावगं कधी दिसलं नाही. मी गेलो तेव्हा ती आईच्या खाटेशी बसून कातरत होती आणि गाल भरलेला होता. मला वाटलं, बरं आहे, रडत बसण्यापेक्षा हाताला चाळा आहे.

परत आल्यावर ती मऊ भात खायची. चपाती डाळीत कुस्करून घ्यायची. कालवणात तिखट नावालाच. मी मनात म्हणायचो, माझ्या पित्ताची किती काळजी करते. एकदा जेवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नुसती मिरचीची फोड जिभेला लागली म्हणून, आणि मी तिला चिडवलं की कोकणातली बाई आणि मिरचीला रडते. हे सगळं माझ्यासमोर होत होतं. मी दातांचा माणूस. दात दिसत होते तोवर मला सगळं ठीकच वाटत होतं.

तर आता ती खुर्चीत होती आणि ऑनले आत जात नव्हता.

डॉक्टर अपूर्वांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. मास्क खाली घेतला. एक छोटी पट्टी काढून तिच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे धरली.

“सतरा मिलिमीटर,” त्या म्हणाल्या. श्रुतिकानं ते लिहून घेतलं. मग तिनं आधीचं पान उलटलं. “जानेवारीत सव्वीस होतं, मॅडम.”

“काका, बसा,” डॉक्टर म्हणाल्या.

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. मी उभाच राहिलो.

“साधारण तीन बोटं जायला हवीत तोंडात, उभी. काकूंची दीडसुद्धा जात नाहीत. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा कडक होते, आत दोरीसारखे पट्टे बनतात. हळूहळू तोंड मिटत जातं. तिखट लागतं, जळजळतं. मी जानेवारीतच काकूंना सांगितलं होतं. सुपारी बंद, आणि पुढच्या तपासणीचा कागद लिहून दिला होता.”

“कुठला कागद?” मी विचारलं.

प्रेमा गळ्यातल्या निळ्या कागदी रुमालाकडे बघत होती.

“ती तंबाखू खात नाही,” मी म्हणालो. “कधीच नाही.”

“सुपारी पुरते, काका.”

माणसाला काही सुचत नाही तेव्हा तो आपल्या धंद्यातलं बोलायला लागतो. मी म्हणालो, “मॅडम, मी पातळ करून देतो. दोन तुकड्यांत देतो. आधी एक बसवा, मग दुसरा, जोड मी असा देईन की कळणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत देतो.”

डॉक्टर अपूर्वांनी मला मधे तोडलं नाही. सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “ऑनले तुमचा छानच आहे. तो मोठा नाहीये. माझा हात आत जात नाही. तिथे कोरडं करायचं, सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. मशीनचं डोकंसुद्धा जात नाही आता.”

“मग दाढ काढून टाका.”

“काढायलाही जागा लागते, काका.”

मग त्या म्हणाल्या, “दाढेचं नंतर बघू. तात्पुरतं जे सिमेंट निघालंय ते मी जमेल तसं पुन्हा लावते. पण गालात मागे एक पांढरा डाग दिसतोय. नीट बघता येत नाहीये मला. तुम्ही परळला दाखवून या. मी चिठ्ठी देते.”

मुंबईत डॉक्टरांनी परळ म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. परळ म्हणजे कॅन्सरचं हॉस्पिटल. मी श्रुतिकाकडे पाहिलं. तिला मी फोनवर काय बोललो होतो ते तिला आठवत असणारच, पण ती खाली मान घालून चिठ्ठी लिहीत राहिली. “श्रुतिका मॅडम, त्या दिवशी मी उगाच…” एवढंच मला म्हणता आलं.

“असू दे, काका,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल.”

बाहेर पडल्यावर आम्ही दवाखान्याखालच्या रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. मी दोन ग्लास सांगितले. प्रेमानं ग्लास ओठांना लावला, बर्फाचा खडा मधे आला, तिनं बोटानं तो बाजूला केला आणि घोटाघोटानं रस प्याली. ती कशी पिते हे मी पहिल्यांदा बघत होतो.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगणारच होते.”

“कधी?”

“त्या दिवशी घरी आले तर तुम्ही तो तुकडा घेऊन बसलेले. बघ, म्हणालात, तुझ्या दाढेवर अशी रेघ आहे, तशी रेघ आहे. एवढे खूश होतात. म्हटलं, हे बसू दे एकदा, मग सांगू. सुपारी काय, सोडली की सुटेल.”

“आणि मग?”

“मग आई पडली.” तिनं ग्लास खाली ठेवला. “सोडली होती हो मी, बारा-तेरा दिवस. पण तिथं रोज दहा माणसं बघायला येणार. तबक पुढे करायचं आणि आपण नाही घ्यायचं, असं कसं? वहिनी म्हणायची, मुंबईची झाली आता ही. आणि रात्र-रात्र आई कण्हायची. मी तरी काय करू? हातात अडकित्ता असला की जरा बरं वाटायचं.”

ओरडावं तर कुणावर? सुपारी तिनं खाल्ली हे खरं. पण रोज समोर ताट घेऊन बसणारा आणि तिच्या तोंडाकडे न बघणारा मी होतो. दुसऱ्यांच्या मापातली केसाएवढी चूक मी भिंग न लावता सांगतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटून कुणाचं काही सुधारत नाही हेही तिथेच कळलं.

“आत्ता दुखतंय का?” मी विचारलं.

“दुखत नाही. जांभई आली की मात्र भीती वाटते.”

त्या रात्री तोंड धुताना मी माझी तीन बोटं उभी करून तोंडात घातली. आरामात गेली. चौथंही शिरू पाहत होतं. मी नळ मोठा सोडला आणि तिथेच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये भीमराजनं विचारलं, “बसला का?” मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही ठाऊक नाही. त्याला काय समजायचं ते तो समजला आणि माझ्यासमोर चहा ठेवून गेला.

परळला आम्ही तीन खेपा घातल्या. गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला आहे, पुढची तारीख बावीस आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गालात इंजेक्शनं सुरू केली आणि घरी करायचा व्यायाम सांगितला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांच्या मधे धरायच्या. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. जेवढ्या जातील तेवढ्या. आठवड्याला एक काडी वाढली तर चांगलं, म्हणाल्या. गेलेलं सगळं परत येत नाही, आहे ते टिकवायचं. मी विचारलं, किती टिकेल? त्या म्हणाल्या, सुपारी सुटली तर बघू.

सुपारी सुटली. तबक आणि अडकित्ता तिनं स्वतःच मोलकरणीला देऊन टाकला. ज्या दिवशी दिला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

काड्यांचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी नऊ गेल्या. दुसऱ्या आठवड्यात नऊ. तिसऱ्या आठवड्यात नऊ. रोज लॅबमधून आल्यावर मी हात धुतो, ती गॅलरीजवळच्या खुर्चीत बसते, मांडीवर टॉवेल घेते, कारण लाळ गळते आणि ते तिला आवडत नाही. मी नऊ काड्या सरकवतो आणि दहावी त्यांच्या मधे घालायला बघतो. ती डोळे मिटून जोर लावते. काडी अर्धा इंच जाते आणि थांबते. तिच्या कपाळावर घाम येतो. मी काडी काढून घेतो आणि म्हणतो, उद्या जाईल. नाशिकहून सुबोधचा, आमच्या मुलाचा फोन आला तर ती खुणेनंच मला सांगायला लावते की आई बरी आहे.

काल चौथा आठवडा संपला. ती सकाळपासून म्हणत होती की आज जाणार, मला आतून सैल वाटतंय. दुपारी लॅबमध्ये जेवायच्या सुट्टीत मी दहावी काडी टेबलावर घेतली. आधी बारीक पॉलिश पेपरवर घासली. मग मेण कोरायच्या सुरीनं दोन्ही बाजूंनी तासली. टोकं तेवढी तशीच ठेवली, बाहेरून जाड दिसावीत म्हणून. मधला भाग कागदाएवढा पातळ झाला तेव्हा थांबलो. एकोणतीस वर्षांत इतकं नाजूक काम मी केलं नव्हतं.

संध्याकाळी ती खुर्चीत बसली. मी नऊ काड्या लावल्या, मग दहावी टेकवली आणि हळूच दाबली. ती गेली.

प्रेमानं डोळे उघडले. बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं मांडीवरचे दोन्ही हात वर केले आणि दहाही बोटं पसरून माझ्यासमोर धरली.

“हो,” मी म्हणालो. “दहा.”